घरचा सर्व्हर बाहेरून उघडत नाही? या चुका टाळा

घरच्या सर्व्हरवरची साइट उघडली नाही की बहुतेकांचा हात आधी राउटरच्या सेटिंगकडे जातो. तिथे चार गोष्टी एकदम बदलल्या की मूळ बिघाड राहतो बाजूला आणि नवे दोन उभे राहतात. म्हणून तपासणी आतून बाहेर करत या: आधी खुद्द सर्व्हरवर, मग घरातल्या दुसऱ्या मशीनवरून, शेवटी बाहेरून. आणि एका वेळी एकच बदल.

सर्व्हरवर साइट दिसते, पण शेजारच्या लॅपटॉपवर नाही? मग वेब सर्व्हर कुठल्या पत्त्यावर ऐकतोय ते बघा. तिथे १२७.०.०.१ असेल तर तो त्या मशीनबाहेरच्या कोणालाच उत्तर देणार नाही, ०.०.०.० हवं. ते बरोबर असेल तर फायरवॉल तपासा.

घरात चालतं, बाहेरून नाही, ही खरी डोकेदुखी. एक तर आपण चाचणीच चुकीची करतो. घरच्या वाय-फायवर बसून स्वतःचाच पब्लिक आयपी (इंटरनेटवर दिसणारा पत्ता) टाकला, तर अनेक राउटर ती विनंती परत आत वळवत नाहीत. मोबाइलचं वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटावरून बघा. तरीही नाही, तर राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) आणि बाहेरच्या साइटला दिसणारा तुमचा आयपी शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही वेगळे असतील, त्यातही राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे इंटरनेट कंपनीचा एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची विनंती राउटरने सर्व्हरकडे वळवणं) कितीही अचूक केलं तरी उपयोग शून्य. हे न कळल्यामुळे माझे तीन दिवस गेले. राउटर दोनदा रीसेट केला, सर्व्हर पुन्हा इन्स्टॉल केला, आणि दोष दोन्हींत नव्हता. इंटरनेट कंपनीकडे पब्लिक आयपी मागा, नाहीतर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) किंवा टनेल (बाहेरच्या सर्व्हरमार्गे घरापर्यंतची जोडणी) वापरा.

काल चालणारी साइट आज बंद पडली, तर बहुधा राउटरने सर्व्हरला नवा लोकल आयपी दिलेला असतो. तो डीएचसीपी रिझर्व्हेशनने, म्हणजे राउटरने त्या मशीनला कायम तोच पत्ता देण्याच्या सोयीने, बांधून टाका.

फाइल शेअरिंगमध्ये सांबा (लिनक्सवरचे फोल्डर नेटवर्कवरच्या इतर मशीनना देणारा प्रोग्राम) दोन कुलपं लावतो हे लक्षात ठेवा. शेअरमध्ये लिहायची परवानगी दिली, पण लिनक्सच्या फोल्डरवर ती नसेल, तर फाइल जाणार नाही. सांबाचा पासवर्डही वेगळा असतो, लिनक्सचा लॉगिन आपोआप चालत नाही. इथे वैतागून सगळ्या फोल्डरला ७७७ (कोणालाही सगळी परवानगी) देऊ नका, कृपा करून. अनेकदा अडतं ते वरच्या एखाद्या फोल्डरवर, ज्यात शिरायचीच परवानगी नसते.

आणि पोर्ट ४४५, म्हणजे फाइल शेअरिंगचं दार, बाहेरच्या जगाला कधीही उघडू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम याच वाटेने पसरला, तोही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती देऊन दोन महिने झाल्यावर. बाहेरून फाइल हव्या असतील तर व्हीपीएनने (घरच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित जोडणीने) घरात या.

वीज जाऊन आल्यावर शेअर रिकामा दिसला, तर घाबरून काही कॉपी करू नका. बाहेरची डिस्क माउंट झालेली (तिच्या फोल्डरला जोडली गेलेली) नसण्याची शक्यता मोठी; तुम्ही टाकाल ते सिस्टिम डिस्कवर जाईल आणि खरी डिस्क जागेवर आली की त्याखाली झाकलं जाईल. आधी माउंट तपासा, मग एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ती यादी) डिस्कच्या नावाऐवजी तिचा यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा.