३ मीटर ५ सेंटीमीटर म्हणजे ३५ नव्हे

मीटरचे सेंटीमीटर, किलोचे ग्रॅम करायला शिकवताना 'गुणायचं की भागायचं' हा नियम आधी सांगू नका. मुलं तो हमखास उलटा लक्षात ठेवतात. त्याआधी एकच टेबल दोनदा मोजायला द्या: एकदा १० सेंटीमीटरच्या कागदी पट्टीने, मग १ सेंटीमीटरच्या ठोकळ्यांनी. पट्टी १२ वेळा बसली, तर ठोकळे १२० लागतात. माप लहान घेतलं की आकडा वाढतो, हे एकदा हाताला कळलं की गुणाकार मूल स्वतःच सुचवतं. मोजण्याआधी अंदाज मात्र जरूर विचारा.

सगळ्यात हट्टी चूक शीर्षकात आहे. मूल आकडे शेजारीशेजारी चिकटवतं, कारण मधलं घर त्याला दिसतच नाही. वहीत मीटर, डेसिमीटर, सेंटीमीटर अशी तीन घरं आखून ३, ०, ५ भरायला लावा, उत्तर ३०५. किलोग्रॅम-ग्रॅमला चार घरं लागतात, म्हणून २ किलो ५० ग्रॅम म्हणजे २०५० ग्रॅम.

वेळ याच आठवड्यात शिकवू नका. तिथे ६० चा हिशेब असतो. घरांची सवय ताजी असेल तर १ तास ३० मिनिटांची सरळ १३० मिनिटं होतात.