जुन्या जीपमागे ट्रॉली लावून कसारा घाट कसा चढावा

ठाण्याहून घोटीजवळच्या शेतावर मी वर्षातून सात-आठ वेळा जातो. गाडी जुनी पेट्रोल जीप, महिंद्राची सीजे-थ्रीबी: २१९९ सीसीचं हरिकेन इंजिन, तीन गिअर. मागे दोन चाकांची ट्रॉली, तिच्यात ठिबकचे पाइप, खताची पोती, कधी रोपं. रस्ता जेमतेम शंभर किलोमीटरचा, पण मध्ये कसारा घाट आहे. रेल्वेसुद्धा तिथे गाडीला मागून जादा बँकर इंजिनं लावते. जीपला ती सोय नाही.

सर्व्हिसिंग, ब्रेक, टायरची हवा, स्टेपनी हे झालेलं आहे असं धरून चालतो. ट्रॉलीची नोंदणी मात्र तपासा. कायद्याने ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्याला स्वतःचा नंबर आणि मागचे दिवे लागतात.

आधी पाणी. घोडबंदर पट्ट्यातल्या कित्येक सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं. ते रेडिएटरमध्ये घालू नका, आत पांढरा थर धरतो आणि तो थर उष्णता अडवतो. डिस्टिल्ड वॉटर आणा, त्यात तिसरा हिस्सा कूलंट घाला. निम्मं-निम्मं प्रमाण बर्फ पडणाऱ्या मुलखासाठी ठीक आहे. आपल्याकडे पाणी गोठत नाही आणि कूलंटपेक्षा साधं पाणी जास्त उष्णता वाहून नेतं. कूलंट हवं ते गंज थांबवायला आणि उकळबिंदू थोडा वर न्यायला. रेडिएटरची टोपी मूळ गाडीला जितक्या दाबाची होती तितक्याच दाबाची घ्या, आणि तिचं रबर कडक झालं असेल तर आजच बदला. दर एका पीएसआय दाबामागे पाण्याचा उकळबिंदू साधारण दीड अंशाने चढतो. टोपी दाब धरत नसेल तर तुम्ही तेवढे अंश घरीच सोडून निघालात.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झालं की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून टाका, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. मला निदान दहा जणांनी सांगितलं. काढू नका. थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर पाणी अडवत नाही. तो नसला की इंजिन सपाटीवर थंड चालतं, तेल घट्ट राहतं, झीज वाढते, आणि घाटात तुम्हाला काहीच जास्तीचं मिळत नाही. जुना अडकत असेल तर नवा बसवा. भांड्यातल्या पाण्यात टाकून गरम करा, डोळ्यांदेखत उघडला तरच गाडीत घाला. ज्याच्या रेडिएटरची कोअर, म्हणजे आतल्या नळ्यांची जाळी, चोंदली आहे तोच थर्मोस्टॅट काढत बसतो. रेडिएटरवाल्याकडे टाकी उघडून नळ्यांतून रॉड मारून घ्या, पैसे तिथे खर्च करा.

हवेची वाट मोकळी ठेवा. ग्रिलसमोर जेरीकॅन, मोठे फॉगलाइट, क्लबची पाटी, दसऱ्याचा सुकलेला झेंडूचा हार, काही नको. पंख्याभोवती पत्र्याचं काउल, म्हणजे हवा वळवणारं कडं, नसेल तर पत्र्याच्या कारागिराकडून करून घ्या. काउलशिवाय पंखा बाजूची हवा घुसळतो, रेडिएटरमधून ओढत नाही. बॉनेट मागून वॉशर लावून उचलण्याची पद्धत आहे, तीही सोडा. चालत्या गाडीत काचेच्या बुडाशी हवेचा दाब जास्त असतो, हवा उलट आत शिरते.

ट्रॉलीत जड माल चाकांच्या किंचित पुढे. हुकावर ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा यावा. मागे जड झाली की ती शेपूट हलवायला लागते. ढीग जीपच्या पाठीपेक्षा उंच नको, ताडपत्री घट्ट. सेफ्टी चेन लावाच.

निघायचं पहाटे साडेचारला. माजिवडा, खारेगाव, मानकोली हा पट्टा उजाडल्यानंतर भिवंडीच्या गोदामांच्या ट्रकांनी भरतो, आणि तिथे अर्धा तास रखडलेली जीप घाटाच्या पायथ्याशी आधीच गरम होऊन पोचते. पडघा, शहापूर, खर्डी हे सगळं पन्नासच्या वेगाने जाऊ द्या. कसाऱ्याला चहा प्या, बॉनेट उघडा, पट्टा आणि होज बघा.

आता घाट.

पहिल्या वर्षी, मे महिन्यात, मला एका गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, "माल जड आहे, इंजिनाला ओरडू देऊ नका, वरच्या गिअरवर आरामात चढवा." मी ऐकलं. तिसऱ्या गिअरवर, अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवून, तीस-पस्तीसने चढत राहिलो. दुसऱ्या मोठ्या वळणावर तापमानाचा काटा वर सरकू लागला, मग लाल पट्ट्याजवळ गेला, आणि मग एकदम खाली आला. मला वाटलं चढ संपत आला, इंजिन निवलं. खरं म्हणजे पाणी उकळून बाहेर गेलं होतं आणि सेन्सर उघडा पडला होता. पाण्यात बुडालेला असेल तरच तो पाण्याचं तापमान सांगतो, नुसत्या वाफेत नीट सांगत नाही. चढावर काटा कारण नसताना झपकन खाली आला तर ती सर्वांत वाईट खूण समजा आणि तिथल्या तिथे थांबा. मी थांबलो नाही. दोन मिनिटांत गाडीची ओढ गेली, तापलेल्या तेलाचा वास आला, आणि मग थांबावंच लागलं. मागून आलेल्या एका भल्या माणसाने पाण्याच्या बाटल्या दिल्या, मी त्या तशाच तापल्या इंजिनात ओतल्या. बिडाच्या हेडला तडा गेला, आवाज ऐकू आला मला. दुसरं हेड कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे शोधायला अडीच महिने गेले.

त्या सल्ल्यात काय चुकीचं होतं ते नीट समजून घ्या, कारण तो आजही सगळीकडे दिला जातो. पेट्रोल जळून होणाऱ्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा पाण्यात जातो. चढावर, मागे पाचशे किलो असताना, तुम्ही पेट्रोल भरपूर जाळताच, कुठल्याही गिअरमध्ये. फरक पडतो तो उष्णता बाहेर काढण्यात. या जीपला पंखा आणि वॉटर पंप एकाच पट्ट्यावर, इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात. तीसच्या वेगाला समोरून येणारा वारा नावापुरताच असतो, सगळी भिस्त पंख्यावर. त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तिसऱ्यापेक्षा जवळजवळ दीडपट फिरतं, म्हणजे पंखाही दीडपट, पाणीही दीडपट. इंजिन ओरडतं तेव्हा ते स्वतःला थंड करत असतं. ते कण्हत, धडधडत, तळाला टेकलेल्या अ‍ॅक्सिलरेटरवर चढत असेल तेव्हा घाबरा. हरिकेनमध्ये तर एक्झॉस्ट वॉल्व्ह ब्लॉकमध्येच आहेत, त्यामुळे जळालेल्या वायूची उष्णता ब्लॉकमधल्या पाण्याला जास्तच भिडते.

म्हणून दुसरा गिअर चढ लागण्याआधी, सपाटीवरच टाका. गाडी दमल्यावर टाकलात तर वेग निम्मा झालेला असतो आणि दुसऱ्यातही ती कण्हते. पहिल्यावर उतरावं लागलं तर या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरला सिंक्रो (दातांचा वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, डबल क्लच करता आला पाहिजे, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून, इंजिनाच्या फेऱ्या वाढवून, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकणं. चढावर, वळणात, मागे ट्रॉली असताना तो शिकायचा नसतो. आधी रिकाम्या रस्त्यावर हात बसवा. अ‍ॅक्सिलरेटर तीन चतुर्थांश, पंचवीस ते तीसचा वेग, आणि त्यावर समाधान. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या.

फोर-व्हील लावून लो गिअर (वेगळ्या दांड्यावरचा, हळू पण जास्त ओढीचा) टाकण्याचा मोह होईल. कोरड्या डांबरावर नको. या जीपला लो टाकायचा तर पुढचा अ‍ॅक्सल जोडावाच लागतो, आणि वळणांवर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापत असल्याने सगळी ट्रान्समिशन पिळवटते.

खरी परीक्षा म्हणजे पुढे दहाच्या वेगाने चढणारा कंटेनर. त्याच्या शेपटीला चिकटू नका. एक तर त्याचा गरम धूर थेट तुमच्या रेडिएटरमध्ये येतो, दुसरं म्हणजे तुम्हीही दहावर येता. मी लांबूनच अंतर सोडतो. अंतर संपत आलं की रुंद जागी कडेला घेऊन दोन मिनिटं थांबतो, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, चाकांमागे दगड, आणि इंजिन थोड्या चढ्या फेऱ्यांवर चालू. कंटेनर वर गेला की निघतो. घाटात असे दोन थांबे मी धरूनच चालतो.

काटा नेहमीच्या जागेपासून वर गेला तरी हेच करा. पाणी उकळलेलं नसेल तर इंजिन बंद करू नका. बंद केलं की पंप थांबतो आणि हेडमधलं पाणी जागच्या जागी उकळतं. वाफ बाहेर पडत असेल तर मात्र लगेच बंद, बॉनेट उघडं, टोपीला हात नाही. पाऊण तास बसा. वरचा होज हातात धरता येईल इतका निवला की जाड फडकं धरून टोपी हळूहळू सोडा, इंजिन चालू करा आणि पाणी थोडं थोडं घाला. निवलेली गाडी चालू होत नसेल तर इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपावर ओलं फडकं टाका. पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटलेला असतो.

वर घाटनदेवीला पोचलात की इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवून मग बंद करा. तेवढ्यात ट्रॉलीच्या दोन्ही हबना हात लावून बघा. एक हब दुसऱ्यापेक्षा चटका देणारा असेल तर बेअरिंगला ग्रीस नाही. परतीला, ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर रिकामी असली तरी दुसऱ्या गिअरवरच उतरा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटर उघडा, किती पाणी कमी झालं ते मापट्याने मोजा आणि वहीत लिहा. माझ्या जीपला एका फेरीत पाव लिटर लागतं. अर्धा लिटर लागलं त्या वेळी वॉटर पंपाचं सील गेलेलं निघालं होतं.