भाकरी तुटते म्हणून घरचं जेवण सोडू नका: या चुका टाळा

भाकरी परातीत थापतानाच चिरते, उचलताना तिचे तुकडे होतात आणि तव्यावर कशीबशी पडली तरी पापडासारखी कडक निघते. असे चार दिवस गेले की ज्वारीचा डबा मागे सरकतो आणि पुन्हा बाहेरून जेवण मागवणं सुरू होतं. मग आपण म्हणतो, आपल्याला नाही जमत. माझं ठाम मत आहे की यात तुमच्या निश्चयाचा काही दोष नसतो. बहुतेक वेळा दोष पिठाचा, पाण्याचा किंवा बाजारहाटाच्या वेळापत्रकाचा असतो आणि तो दुरुस्त करता येतो.

जुनं पीठ

ज्वारीत ग्लुटेन नसतं. गव्हाच्या कणकेला जी ओढ असते, ती ज्वारीच्या पिठाला नाही. त्यात पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटून धरून राहण्याची ताकद, जाते आणि कितीही मळा, भाकरी तुटतेच. दुकानातल्या पाकिटावरची दळणाची तारीख एकदा वाचा. बऱ्याचदा दोन-अडीच महिने उलटलेले असतात. मीही सुरुवातीला तेच पीठ आणत होते आणि हाताला दोष देत होते. मालदांडी ज्वारी आणून, निवडून, गिरणीतून आठवड्यापुरतीच दळून आणायला लागले आणि निम्मी अडचण तिथेच मिटली.

बाजरीचं पीठ तर याहून नाजूक. बाजरीत स्निग्धांश ज्वारीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे दळल्यावर ती लवकर खवट आणि कडू होते. घरच्यांना बाजरी आवडत नाही असं वाटत असेल, तर आधी पिठाची चिमूट जिभेवर ठेवून बघा. कदाचित त्यांनी ताज्या पिठाची भाकरी कधी खाल्लीच नसेल.

दुसरी चूक पाण्याची. गार पाण्यात मळलेलं पीठ धरून राहत नाही. पाणी चांगलं उकळू द्या, पिठात ओता, चमच्याने ढवळून झाकून ठेवा. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच ग्लुटेनचं काम करतो. हाताला सोसेल इतपत निवलं की तळहाताच्या गादीने रेटून मळा. सगळ्या भाकऱ्यांचं पीठ एकदम मळू नका, एकेका भाकरीपुरतं घ्या. भाकरी तव्यावर टाकल्यावर पिठाची बाजू वर येते, तिच्यावर पाणी फिरवा आणि ते पूर्ण वाळायच्या आत भाकरी उलटा. पाणी वाळलं की वरच्या बाजूला भेगा पडतात आणि मग ती फुगत नाही.

आणि हात बसेपर्यंत दिवसातून एकाच जेवणाला भाकरी करा. रात्री पोळी असली तर काही बिघडत नाही.

रविवारी आठवड्याची भाजी

मंडईत ताजी मेथी, पालक, चाकवत, शेपू दिसला की पिशवी भरते. बुधवारी फ्रीज उघडावा तर निम्मी पालेभाजी पिवळी, उरलेली काळी. पैसे जातातच, पण त्याहून वाईट म्हणजे ताज्या भाजीचा कंटाळा बसतो. भाजी आणताना तिचा क्रम ठरवा: पहिले दोन दिवस पालेभाज्या, मग गवार, भेंडी, घेवडा, शेवटी दुधी, लाल भोपळा, कोबी. आठवड्याच्या टोकाला भाजी संपली तर उसळ आणि पिठलं आहेच. पालेभाजी निवडून, न धुता, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. धुवायची ती चिरण्याआधी; चिरल्यावर धुतली की पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं मोरीत जातात.

एकदम खूप कडधान्यं

सकाळी मोडाची मटकी, दुपारी हरभऱ्याची उसळ, रात्री राजमा, आणि तिसऱ्या दिवशी पोट फुगून घट्ट. वर्षानुवर्षं मैद्याच्या पावाची सवय झालेल्या पोटाला तंतुमय अन्न हळूहळू वाढवून द्यावं लागतं, सोबत पाणीही वाढवावं लागतं. पहिले पंधरा दिवस दिवसातून एक वाटी पुरे, तीही मूग किंवा मटकीची. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी टाका आणि पूर्ण मऊ शिजवा. अर्धाकच्चा राजमा पोट खरंच बिघडवतो. मोडांना आंबूस वास येत असेल, तर बांधण्याआधी पाणी नीट निथळलं नसणार. उसळीवर लिंबू पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. जेवणाला लागून चहा घेतला तर नेमकं उलटं होतं. मध्ये तासभर जाऊ द्या.

घरचं आहे, कितीही खा

चकली घरची, शंकरपाळी घरची, उसळीवरचा तेलाचा तवंगही घरचाच. पण शरीराला ते तेलच. तेलाचा डबा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे सहा-सात चहाचे चमचे तेल झालं, तेही दाण्याचं कूट, खोबरं आणि साजूक तूप न धरता. मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. लोणचं, पापड आणि फरसाण रोज पानात असेल तर ही मर्यादा कधीच ओलांडलेली असते.

भाकरीलाही मोजमाप आहे. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकं असतात. मधुमेहाची औषधं चालू असतील, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला.

पाकिटावरची नाचणी

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि नाचणीची बिस्किटं, ज्वारीचे पफ, मल्टिग्रेन पाव दुकानोदुकानी आले. पाकिटावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं नाव मैद्याचं आणि दुसरं साखरेचं असेल, तर नाचणी चित्रापुरतीच. त्यापेक्षा वाटीभर नाचणीचं आंबील ताकात करा.

सगळं एकीच्या अंगावर

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते. घरचं ताजं खायचं असं सगळे मिळून ठरवतात आणि निवडणं, दळण, भिजवणं, थापणं मात्र एकाच बाईच्या वाट्याला येतं. त्यात एकाचं डाएट वेगळं आणि मुलांचं वेगळं. हे महिनाभरही टिकत नाही आणि टिकूही नये. पातेलं सगळ्यांचं एकच ठेवा. ज्याला तिखट हवं त्याने पानात ठेचा घ्यावा. थकलेल्या दिवसाचा बेत आधीच ठरलेला असू द्या: मुगाच्या डाळीची खिचडी, ताक, काकडी. कुकर लावायला घरातल्या कोणालाही यायला हवं.

आमच्याकडे दळण मुलाकडे आहे. शनिवारी संध्याकाळी तो ज्वारी निवडतो, रविवारी गिरणीत नेतो, बारीक दळायला सांगतो. गिरणीतून पीठ गरमच येतं, ते तो घरी परातीत पसरून निववतो आणि मगच डब्यात भरून झाकण लावतो. गरम पिठावर झाकण ठेवलं तर आत वाफ धरते. पहिल्या दोन वेळा विसरला होता, आता सांगावं लागत नाही.