लीश न बांधता सुटलेला बोर्ड परत कसा मिळवावा: काइटसर्फिंग शिकणाऱ्यांसाठी

डिसेंबर उजाडला आणि गोव्यात मोरजीला दुपारचा वारा लागला, की काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने बोर्डावरून पाण्यावर धावणं, नव्याने शिकणारं कुणी ना कुणी येऊन विचारतंच, "ताई, बोर्ड सारखा पायातून निसटतो. लीश बांधू का?"

बांधू नका, बोर्डाला अंगाशी जोडणारी ती दोरी. "सुरुवातीपुरती बांध, नंतर काढून टाक" हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. सुरुवातीलाच माणूस दर दोन मिनिटांनी पडतो. जितक्या वेळा तुम्ही पडाल, तितक्या वेळा तो बोर्ड ताणलेल्या दोरीच्या टोकाला तुमच्या मागे असणार. म्हणजे ज्या दिवसांत लीश सर्वांत घातक, नेमकी त्याच दिवसांत ती बांधायला सांगायची.

आधी एक घोळ मिटवू, कारण यात भलतेच गैरसमज आहेत. लीश दोन असतात. एक काइटची. ती हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, अडकवलेली असते आणि क्विक रिलीज (काइट झटक्यात सोडवायची कळ) ओढला की काइट त्या एकाच दोरीवर लोळते, तिची ओढ जवळजवळ संपते आणि ती मोकाट सुटून किनाऱ्यावरच्या माणसांवर जात नाही. ही लीश पाहिजेच, तिच्याशिवाय काइट उचलूही नका. दुसरी बोर्डाची. हार्नेसपासून किंवा घोट्यापासून बोर्डापर्यंत जाणारी, ताणली जाणारी दोरी. नको म्हणते ती ही.

कारण सोपं आहे. तुम्ही पडता तेव्हा काइट थांबत नाही, ती तुम्हाला ओढतच राहते. मागे बोर्डाचं नाक पाण्यात घुसतं आणि पाणी त्याला धरून ठेवतं. मधली दोरी बेचकीच्या रबरासारखी ताणत जाते. मग लाट हलते, बोर्ड सुटतो आणि दोरी जिथे बांधली आहे तिथेच येतो. ती जागा म्हणजे तुमची कंबर, आणि कमरेच्या वर पाठ, मान, डोकं. त्यात बोर्डाच्या खालच्या चार फिन्स, पात्यांसारखे पंख.

माझ्या बाबतीत हे शिकायला लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात झालं. भाड्याच्या बोर्डाबरोबर लीशही हातात आली, मी बांधली. काइट जोरात खाली आली, मी पुढे खेचली गेले, बोर्ड मागे राहिला. कमरेला मागून ताण जाणवला आणि मग तो ताण एकदम नाहीसा झाला. तो सैलपणा मला अजून आठवतो, कारण क्षणभर मला बरं वाटलं होतं. त्याच क्षणी बोर्ड माझ्याकडे निघाला होता. फिन उजव्या कानामागे लागली, सात टाके पडले. आणखी पुढे लागली असती तर डोळा होता. कॅलिफोर्नियात वेटसूटचा धंदा उभा करणाऱ्या जॅक ओनील यांचा डावा डोळा 1971 साली असाच गेला. सर्फिंग करताना लीशने परत खेचलेला बोर्ड तोंडावर आला होता.

"मग सर्फिंगवाले आजही लीश बांधतातच ना?" बांधतात, कारण पडल्यावर त्यांना पुढे कुणी ओढत नाही. लाट निघून जाते आणि माणूस तिथेच राहतो. आपल्याला वर काइट आहे. "हेल्मेट घालतो की!" हेल्मेट घालाच, पण ते चेहरा आणि मान झाकत नाही. "रीलची, म्हणजे चकरीत गुंडाळली जाणारी लीश घेतो, ती ताणत नाही." रील वाळूने अडकली की तीही साधी लीशच.

लीशऐवजी जे यायला हवं ते म्हणजे अपविंड बॉडी ड्रॅग: बोर्ड नसताना, नुसत्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडाकडे सरकत जाणं. पोहणं, पाण्यातून काइट पुन्हा उठवणं आणि डोळे मिटून क्विक रिलीज ओढणं तुम्हाला येतं असं धरून पुढचं सांगते.

वारा आणि जागा. वारा समुद्राकडून, तिरका किनाऱ्याकडे येणारा हवा. मोरजीला दुपारी दीड-दोननंतर वायव्येकडून येणारा खारा वारा तसाच असतो, बारा नॉट म्हणजे ताशी साधारण 22 किलोमीटरला शिकणाऱ्याचं काम भागतं. सकाळच्या मतलई वाऱ्यात काइट पिशवीतून काढूच नका.

पडल्यावर पहिलं काम. काइट डोक्यावर, घड्याळातल्या बाराच्या जागी न्या, एकदा मागे वळून बोर्ड बघा आणि त्याच्या रेषेत किनाऱ्यावरची एखादी खूण पकडा: माड, शॅकचं छप्पर, ओढून ठेवलेली होडी.

आता खरा भाग. इथेच मी दोन दिवस अडकले होते आणि इथेच बहुतेक जण कंटाळून लीशकडे वळतात.

पडल्यावर बोर्ड तुमच्या मागे, वाऱ्याच्या बाजूला राहतो. सरळ त्याच्याकडे काइट नेता येत नाही, म्हणून नागमोडी जायचं, शिडाच्या होडीसारखं. पाठ वाऱ्याकडे, तोंड काइटकडे. मोरजीला असे उभे राहिलात की उजवा हात समुद्राकडे येतो, डावा किनाऱ्याकडे. समजा आधी उजवीकडे जायचं आहे. काइट उजवीकडे दीडच्या जागी आणा. पाण्यात उजव्या कुशीवर आडवे व्हा. उजवा हात पुढे, पाण्याखाली, ताठ. डाव्या हाताने बार, म्हणजे काइट चालवायची दांडी, मधोमध धरा. पाय जुळवलेले आणि सरळ. तुमचं अंग हीच आता होडीची कणा-फळी आहे, आणि ती फळी वाकली की तुम्ही वाऱ्यासोबत वाहत गेलात म्हणून समजा.

काइट बाराजवळ गेली तर ती तुम्हाला पाण्यातून वर उचलते, अंगाची पाण्यावरची पकड जाते आणि मिळवलेलं अंतर वाऱ्याला परत जातं. जवळजवळ सगळ्यांचं हेच चुकतं, कारण काइट पाण्यात पडेल या भीतीने ती वर वर ठेवली जाते. दीडच्या खाली गेली तरी चालते, आणि हलक्या वाऱ्यात थोडी खालीच ठेवावी. ती खूप उतरायला लागली तर बारवरची डावी मूठ चार बोटं डावीकडे सरकवून हलकं ओढा, काइट वर चढेल. एका हाताने चालवायची युक्ती एवढीच आहे, मूठ मधल्या दोरीच्या या बाजूला की त्या बाजूला. बार पोटाशी ओढून धरू नका. जास्त ओढला की काइटचा वेग मरतो आणि ती मागे लडबडत पाण्याकडे येते. वेग नसेल तर ओढ नाही, आणि ओढ नसेल तर वरच्या अंगाला, म्हणजे वाऱ्याच्या तोंडाकडे, जाणं नाही.

दुसरी चूक डोळ्यांची, आणि माझी तीच होती. मी सारखी बोर्डाकडे बघत होते. मान मागे वळली की खांदा वळतो, खांदा वळला की पुढचा हात पाण्यातून वर येतो आणि फळी मोडते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझे शिक्षक, वेंगुर्ल्याकडचे एक शांत गृहस्थ, कमरेएवढ्या पाण्यात माझ्याशेजारी चालत आले आणि म्हणाले, "बोर्डाकडे बघू नको गो. तुझ्या हाताकडे बघ." मी पाण्याखालच्या बोटांकडे बघितलं. बोटांभोवतून बुडबुडे मागे जात होते. बोटं थोडी वाऱ्याच्या तोंडाकडे वळवली, तर बुडबुड्यांची रेघही वळली. अंगाला पहिल्यांदाच एका बाजूने पाण्याचा दाब लागला, आणि त्या दाबावर टेकून मी सरकत होते. त्या दिवसानंतर मला हे कधी जमलं नाही असं झालं नाही. तुम्हालाही तो दाब शोधायचा आहे. तो लागत नसेल तर पाय फाकलेत का, गुडघा वाकलाय का, हात वर आलाय का, हे याच क्रमाने तपासा.

वळण घ्यायची घाई करू नका. प्रत्येक वळणाला काइट बारावरून जाते, तुम्ही थोडे उचलले जाता आणि थोडं अंतर हरता. म्हणून फेऱ्या लांब ठेवा, मनातल्या मनात तीस मोजा, मग वळा. वळताना बार झटकू नका. काइट सावकाश वर न्या, ती बारावर असतानाच, आणि तेव्हाच, एकदा बोर्ड बघून घ्या. मग ती डावीकडे साडेदहाला आणा, डाव्या कुशीवर व्हा, डावा हात पाण्यात, बार उजव्या हातात. दोन-तीन फेऱ्यांत बोर्ड मागे नसून बाजूला दिसू लागतो. पहिल्या फेरीनंतर काहीच फरक दिसत नाही, आणि तिथे धीर सोडून पुष्कळ जण काइट खाली पाडून पोहायला लागतात. ते करू नका. वारा असताना काइट हेच तुमचं इंजिन आहे.

बोर्डाजवळ पोहोचताना थेट त्याच्यावर जाऊ नका. त्याच्या एक-दोन हात वरच्या अंगाने पुढे जा आणि मग काइट बाराला न्या. तुम्ही बोर्डापेक्षा लवकर वाहता, त्यामुळे हळूहळू त्याच्यावर येता. बोर्डाची मधली मूठ (हँडल) पकडा आणि बोर्ड तुमच्या नि काइटच्या मध्ये ठेवा.

हे एवढं पक्कं होईपर्यंत बोर्ड किनाऱ्यावरच राहू द्या. माझ्याबरोबर सराव करणाऱ्यांना मी एकच परीक्षा देते: किनाऱ्यावरच्या एका होडीसमोरून पाण्यात उतरा, काइटने आत जा, आणि त्या होडीच्या उत्तरेला बाहेर या. मोरजीचा वारा तुम्हाला दक्षिणेकडे ढकलत असतो, त्यामुळे उत्तरेला बाहेर आलात तर तुम्ही वाऱ्याविरुद्ध अंतर कमावलंत हे कुणाला विचारावं लागत नाही. लागोपाठ तीनदा जमलं की बोर्ड घ्या. शिकवणारा पहिल्याच दिवशी बोर्ड पायात देत असेल तर शिक्षक बदला.

आणि बोर्ड सोडून द्यायचा कधी, हेही आधीच ठरवून ठेवा. पाच-सहा फेऱ्यांनंतरही तो जवळ येत नसेल, हात गळून गेले असतील किंवा वाहत वाहत शापोरा नदीच्या मुखाकडे जात असाल, तर बोर्डाचा नाद सोडा. ओहोटीला त्या मुखातून पाणी बाहेर समुद्राकडे खेचतं, आणि तिथे काइट आणि प्रवाह एकमेकांविरुद्ध लागले तर अनुभवी माणसाचीही दमछाक होते. बोर्डाची किंमत मला माहीत आहे, पहिला बोर्ड मी वर्षभर पैसे साठवून घेतला होता. तरीही त्याच्यासाठी मुखाकडे जाऊ नका. काइट किनाऱ्याच्या बाजूला न्या आणि बाहेर या.

शिवाय समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात सुटलेला बोर्ड बहुतेक वेळा स्वतःच किनाऱ्याला लागतो. काइट उतरवा, कुणाच्या तरी ताब्यात द्या आणि वाळूवरून दक्षिणेकडे चालत जा. चालताना कासवांच्या घरट्यांभोवती घातलेलं कुंपण ओलांडू नका, मोरजीला ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. बोर्डाच्या खालच्या बाजूला पक्क्या मार्करने नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा, आणि जाळी ओढणाऱ्या मंडळींशी ओळख असू द्या. माझा बोर्ड आजवर दोनदा हरवला आणि दोन्ही वेळा अंधार पडायच्या आत त्यांच्याच होडीला टेकवून ठेवलेला सापडला.