वाइंडिंगचं दुकान नावारूपाला आणायचं असेल तर

तालुक्याच्या बाजारपेठेत वाइंडिंगची, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार भरून देणारी, चार-पाच दुकानं असतात आणि बहुतेकांच्या पाटीवर पंखा, मिक्सर, कूलर, बोअरची मोटार असं सगळंच लिहिलेलं असतं. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन कोर्स करून बाहेर पडलेल्यांनी तीच पाटी पुन्हा रंगवू नये. आपण हा धंदा कशासाठी करतोय ते आधी एका वाक्यात ठरवा, आणि ते मोजता येईल असं असू द्या. उदाहरणार्थ: ‘आलेली पाणबुडी मोटार दोन दिवसांत परत विहिरीत, आणि त्याच कारणाने वर्षभर पुन्हा वर काढायची वेळ नाही.’ एप्रिलमध्ये आठवडाभर पाणी तुटलं की भाजीपाला हातचा जातो. शेतकऱ्याला वाइंडिंग नको असतं, पाणी हवं असतं.

मग काम आखडतं घ्या. 3 ते 7.5 एचपी, थ्री फेज, पाणबुडी, एवढंच. ठराविक मापांची तार, बुश (फिरत्या शाफ्टचा आधार) आणि थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टचा खाली येणारा भार पेलणारं) पुण्या-मुंबईहून मागवायची वाट न बघता दुकानात ठेवता येतात, आणि हात एकाच कामावर बसतो. पहिलं वर्ष पंखे-मिक्सर परत पाठवताना जीव तुटतो, पण पाठवा.

खरी पुंजी म्हणजे वही. जुनी कॉइल कापण्याआधी कंपनी, एचपी, स्लॉट (तारेच्या खाचा), प्रत्येक कॉइलचे टर्न (वेढे), पिच (कॉइलच्या दोन बाजूंत किती खाचांचं अंतर), आणि तिन्ही फेजची जोडणी स्टार की डेल्टा हे लिहून घ्या. पॉलिरॅप (प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेल्या) तारेचं आवरण सोलून आतलं तांबं मायक्रोमीटरने मोजा, आवरणासकट नाही. इथेच माप चुकतं आणि मोटार अँपिअर जास्त घेऊ लागते. तार ओढताना स्लॉटच्या कडेला आवरण खरचटलं तर तिथून पाणी शिरतं. म्हणून जोडणी झाल्यावर स्टेटर (मोटारीचा न फिरणारा, कॉइल बसलेला भाग) रात्रभर पाण्यात बुडवून सकाळी 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासा. रीडिंग घसरलं असेल तर फिटिंग करू नका. बाहेर सोडायच्या आधी मोटारीत स्वच्छ पाणी भरा, हवा निघेपर्यंत थांबा, पुन्हा भरा.

वहीत आणखी एक रकाना हवा: का जळाली. कॉइल बोलते. स्टारमधल्या मोटारीत दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसऱ्या फेजच्या कोऱ्या असतील तर एक फेज गेला होता. डेल्टात उलट, एकाच फेजच्या जळतात. सगळ्या सारख्याच करपल्या असतील तर व्होल्टेज कमी होतं किंवा पंप जाम होता. बुश आणि थ्रस्ट बेअरिंग घासलेलं असेल तर मोटार कोरडी चालली. ही कॉइल कापडात गुंडाळून ठेवा आणि शेतकऱ्याला हातात द्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

गिऱ्हाईक वाढतं ते इथून पुढच्या कामाने. मोटार सोडल्यावर लगेच पैसे घेऊन निघू नका. तिन्ही फेजचा अँपिअर क्लॅम्प मीटरने बघा आणि व्होल्टेज, अँपिअर, तारीख स्टार्टरच्या झाकणाच्या आत मार्करने लिहा. ओव्हरलोड रिले (अँपिअर वाढला की मोटार बंद करणारी) चालत्या अँपिअरच्या किंचित वर लावा, नेमप्लेटच्या वर कधीच नाही. कुणी रिले डायरेक्ट केली (वगळून थेट जोडणी केली) असेल तर ती पूर्ववत करूनच द्या. 5 एचपीला साधारण 2 केव्हीएआरचा (कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) कपॅसिटर बसतो, तो लाइनवरून येणारा अँपिअर कमी करतो. तो रिलेच्या पुढे मोटारीच्या बाजूला जोडला की रिलेतून जाणारा अँपिअर कमी होतो, त्यामुळे रिले पुन्हा खाली आणावी लागते. हे विसरलं तर रिले असून नसल्यासारखी.

एका मोटारीवर थांबू नका, अख्ख्या डीपीचा, म्हणजे त्या ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या मोटारींचा, विचार करा. रात्रीच्या लाइटीसाठी सगळ्यांनी मोटार आपोआप सुरू करणारे ऑटो स्विच बसवलेले असतात. लाइट येताच पंधरा-वीस मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज कोसळतं, डीपीचा फ्यूज उडतो आणि उरलेल्या मोटारी दोन फेजवर गुणगुणत जळतात. महावितरण ऑटो स्विच काढून कपॅसिटर बसवायला सांगतं ते याचसाठी. काढायला कुणी तयार नसेल तर निदान टायमर लावून द्या: पहिल्याची मोटार 30 सेकंदांनी, दुसऱ्याची 60, तिसऱ्याची 90. त्यासाठी डीपीवरच्या सगळ्यांना एका संध्याकाळी पारावर बसवावं लागतं. मोटारी कमी जळाल्या तर आपलं काय, ही भीती सोडा. त्या डीपीवरचा प्रत्येक जण पुढे सर्व्हिसिंग, केबल, नवा पंप तुमच्याकडूनच घेतो, आणि सोयऱ्यांच्या गावात तुमचं नाव सांगतो.

हाताखालच्या पोरालाही असंच घडवा. दोन महिने खोलणं आणि वही लिहिणं, मग इन्सुलेशन, मग तार ओढणं, शेवटी जॉइंट. तार ओढायला लागला की पगाराशिवाय मोटारीमागे पैसे द्या. तो कधीतरी स्वतःचं दुकान टाकणारच. वहीची नक्कल देऊन पाठवा आणि मार्चच्या गर्दीत जास्तीच्या मोटारी त्याच्याकडे वळवा. डेटा लपवणाऱ्या उस्तादाचे कारागीर ऐन हंगामात निघून जातात.

उधारी उसाच्या बिलापर्यंत थांबते, त्यामुळे तांब्याचे पैसे आगाऊ घ्या, मजुरी नंतर. पावसाळ्यात काम नसतं तेव्हा 5 एचपीचे दोन-तीन स्टेटर भरून, मेगर करून ठेवा. होळीनंतर जळालेली मोटार सकाळी आली तर स्टेटर बदलून संध्याकाळी सोडता येते.