एसक्यूएल सर्व्हरची मेमरी स्क्रिप्टने सेट करताय? या चुका टाळा

एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) जास्तीत जास्त किती रॅम वापरणार हे ठरवणारं सेटिंग म्हणजे मॅक्स सर्व्हर मेमरी, आणि कोणी मुद्दाम बदलली नसेल तर ती 2147483647 एमबी असते. म्हणजे लिमिट नाहीच. एसक्यूएल सर्व्हर हळूहळू रॅम धरून बसतो, मग विंडोज रखडायला लागतं आणि आरडीपीसुद्धा (दुरून सर्व्हरचा स्क्रीन उघडायची सोय) धड उघडत नाही. लिमिट घालायचीच, त्यात वाद नाही, पण ती घालताना लोक जे घोळ करतात ते निस्तरून मी खरंच कंटाळलोय.

सगळ्यात मोठा घोळ युनिटचा. हा आकडा एमबीत असतो, जीबीत नाही. एका ठिकाणी 192 जीबी रॅमचा सर्व्हर होता, तिथल्या एका मुलाने स्क्रिप्टमध्ये 128 लिहिलं, डोक्यात अर्थातच 128 जीबी. 64 लिहिलं असतं तर वाचला असता, कारण 2012 व्हर्जनपासून 128 च्या खालचा आकडा सर्व्हर घेतच नाही, पण 128 बरोब्बर काठावर बसतं, त्यामुळे घेतला निमूट. रात्री साडेअकराला मला फोन, "सर, कोणाचंच लॉगिन होत नाहीये, एरर 701 येतोय." 701 म्हणजे मेमरी पुरत नाही. आज काय बदललं विचारलं तर म्हणे "काहीच नाही, फक्त मेमरी सेट केली."

सर्व्हरवरच बसून एसक्यूएलसीएमडीला (कमांड लाइनवरून एसक्यूएल चालवायचं टूल) डॅश कॅपिटल ए लावून ॲडमिनसाठी राखीव असलेलं कनेक्शन करून बघितलं, तेही लागेना. मग सर्व्हिस थांबवली आणि नेट स्टार्ट या विंडोजच्या कमांडला स्लॅश एफ लावून मिनिमल कॉन्फिगरेशनमध्ये उठवली. असं उठवलं की सर्व्हर एकालाच आत घेतो, आणि ती एक जागा ॲप्लिकेशनने पटकावली, ते बिचारं सारखं कनेक्ट व्हायला बघत होतं ना. परत बंद. यावेळी एजंटची (ठरलेल्या वेळी जॉब चालवणारा) सर्व्हिसही थांबवली, स्लॅश एमला चिकटून कॅपिटलमध्ये एसक्यूएलसीएमडी लिहिलं म्हणजे त्या नावाच्या प्रोग्रॅमशिवाय दुसरं कोणी आत येत नाही, मग 131072 (128 जीबीचे एमबी) टाकून रिकॉन्फिगर, म्हणजे बदल लागू करायची कमांड, आणि साधा रीस्टार्ट. पाऊण तास सगळं काम ठप्प.

तेव्हापासून मी एमबीचा आकडा हाताने टाइपच करत नाही. व्हेरिएबलमध्ये 128 गुणिले 1024 असं लिहितो (सेटिंग बदलायची कमांड एसपी_कॉन्फिगर, तिला थेट गुणाकार देता येत नाही, म्हणून व्हेरिएबल), आणि उत्तर 4096 पेक्षा कमी आलं तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. दोन ओळी जास्त लागतात, लागू देत.

दुसरी चूक म्हणजे स्क्रिप्ट शेवटी दाखवते त्या "डन" वर विश्वास. मॅक्स सर्व्हर मेमरी हे ॲडव्हान्स्ड ऑप्शन आहे, आधी शो ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स 1 करून रिकॉन्फिगर केलं नाही तर एरर 15123 येतो, पण एसक्यूएलसीएमडीला डॅश बी दिलेलं नसेल तर एरर येऊनसुद्धा एक्झिट कोड 0 च, म्हणजे "सगळं ठीक", मिळतो आणि तुमची बॅच फाइल खुशाल पुढच्या सर्व्हरवर जाते. तीस सर्व्हरची यादी, तीस वेळा डन, आणि बदल एकाही ठिकाणी नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. शेवटचं रिकॉन्फिगर विसरणारेही भरपूर, आणि गंमत म्हणजे ते चालवा असं सर्व्हर स्वतः मेसेजमध्ये सांगतो, पण मेसेज वाचायला वेळ कोणाकडे आहे. माझी सवय एकच, बदलाच्या आधी आणि नंतर सिस.कॉन्फिगरेशन्समधून व्हॅल्यू (टाकलेला आकडा) आणि व्हॅल्यू_इन_यूज (प्रत्यक्ष लागू असलेला) दोन्ही काढून टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायचे, नंतरचे दोन्ही नव्या आकड्याशी जुळले तरच पुढचा सर्व्हर. जुना आकडाही हाताशी राहतो.

पॉवरशेलवाल्यांसाठी एक. लूपमध्ये रॅम मोजताना कॉम्प्युटरनेम द्यायला विसरलात तर ती तुमच्या लॅपटॉपची रॅम येते, आणि 16 जीबीच्या हिशोबाने 256 जीबीचा सर्व्हर सेट होतो. मी रॅम सर्व्हरलाच विचारतो, सिस.डीएम_ओएस_सिस_मेमरीमधून, फक्त ते उत्तर केबीत येतं, तेव्हा एकदा 1024 ने भागा.

दिवसाढवळ्या गर्दीच्या वेळी हे करू नका. रीस्टार्ट लागत नाही हे खरं, पण प्लॅन कॅश (क्वेरी कशी चालवायची याचे साठवलेले आराखडे) रिकामा होतो आणि पुढची काही मिनिटं सीपीयू चढतो.

एकाच मशीनवर एसक्यूएल सर्व्हरचे दोन इन्स्टन्स असतील तर दोघांची बेरीज बघा, प्रत्येकाला 80 टक्के देऊन कसं चालेल.

64 जीबीच्या मशीनवर फक्त एसक्यूएल सर्व्हर असेल तर मी साधारण 10 जीबी विंडोजला सोडतो, म्हणजे 55296, आणि आठवडाभर मोकळी रॅम किती राहते ते बघून कमीजास्त करतो. इंटरनेटवरचा फॉर्म्युला टाकून मोकळं होणं मला पटत नाही, कारण थ्रेड स्टॅक (प्रत्येक थ्रेडला लागणारी मेमरी) आणि लिंक्ड सर्व्हरचे प्रोव्हायडर (दुसऱ्या डेटाबेसशी जोडणारे ड्रायव्हर) या लिमिटच्या बाहेर असतात आणि ते प्रत्येक ठिकाणी वेगळे.

लिनक्सवर असाल तर तिथे आणखी एक लिमिट आहे, एमएसएसक्यूएल-कॉन्फ या सेटिंगच्या टूलमधली मेमरीलिमिटएमबी, डिफॉल्ट रॅमच्या 80 टक्के. ती बदलली की सर्व्हिस रीस्टार्ट करावीच लागते.