चार्जिंग अडणे आणि ब्लूटूथचा आवाज तुटणे : दुकानात जाण्याआधी घरी करावयाची तपासणी

फोन चार्ज होईना, की बॅटरी गेली असे आपण लगेच ठरवून टाकतो. प्रत्यक्षात दोष वायरीत, अडॅप्टरमध्ये, चार्जिंगच्या खाचेत किंवा नुसत्या उन्हातही असू शकतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. वायर आणि अडॅप्टर एकदमच नवे आणले, तर दोष नेमका कशात होता हे कळत नाही आणि पैसे मात्र दोन्हींचे जातात.

मराठवाड्यात उन्हाळ्यात पहिला संशय उष्णतेवर घ्यावा. लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ० ते ४५ अंश सेल्सिअस या मर्यादेत चार्ज करावयाची असते, आणि ही मर्यादा हवेची नसून बॅटरीच्या स्वतःच्या तापमानाची असते. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात हवाच ४२ अंशांच्या पुढे जाते. अशा वेळी पत्र्याच्या खोलीत, गादीवर ठेवून आणि वर व्हिडिओ चालू ठेवून फोन चार्जिंगला लावला, तर चार्जिंग मंदावणे किंवा थांबणे हा बिघाड नव्हे, फोनने स्वतःला जपण्यासाठी केलेली ती तजवीज असते. कव्हर काढून फोन सावलीतल्या फरशीवर ठेवावा आणि शक्यतो पहाटे चार्ज करावा. गार करण्यासाठी तो फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये, कारण बाहेर काढल्यावर आत दव धरते.

‘व्होल्टेज कमी आहे म्हणून चार्ज होत नाही’ हे कारण गावोगावी ऐकू येते, पण ते क्वचितच खरे असते. अडॅप्टरवरची बारीक अक्षरे वाचल्यास बहुतेकांवर १००-२४० व्होल्ट असे छापलेले आढळेल. म्हणजे घरातला पंखा रेंगाळत असला तरी अडॅप्टरचे काम चालू राहते. खरी भीती लाइट येता-जाता बसणाऱ्या झटक्याची असते. लाइट आल्यावर पाच मिनिटे थांबून मगच चार्जर लावणे बरे.

यानंतर खाच तपासावी. कापूस वेचणीच्या दिवसांत खिशातल्या फोनमध्ये तंतू आणि काळ्या मातीची धूळ शिरते, आणि प्रत्येक वेळी पिन खुपसताना ती आणखी आत दाबली जाऊन तळाशी घट्ट थर बसतो. पिन पूर्वीसारखी ‘टक’ करून न बसणे, किंचित बाहेर राहणे किंवा वायर विशिष्ट कोनात धरली तरच चार्जिंग सुरू होणे, ही त्याची खूण. फोन बंद करावा, टॉर्चच्या उजेडात लाकडी टूथपिक खाचेच्या कडेने हलके फिरवून मळ बाहेर ओढावा आणि टाइप-सीच्या खाचेतील मधल्या पातळ पट्टीला धक्का लावू नये. सुई, सेफ्टी पिन वापरू नये. फुंकरही मारू नये, कारण तोंडातला ओलावा आत जातो. फोनची पाठ फुगलेली दिसली, तर मात्र हे सारे प्रयोग बाजूला ठेवून चार्जिंग त्वरित थांबवावे आणि बॅटरी न दाबता, न टोचता फोन जाणकाराकडे द्यावा.

इअरबड्सपैकी एकच चार्ज होत असेल, तर डबीतल्या आणि बडवरच्या सोनेरी टिकल्या पाहाव्यात. घाम व कानातला मळ तिथे साचतो. कोरड्या कापसाने पुसल्यावर बहुधा काम भागते.

आवाज तुटत असेल, तर फोन कुठे ठेवला आहे ते आधी पाहावे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालते आणि शरीरातले पाणी या लहरी शोषून घेते. त्यामुळे मागच्या खिशातला फोन पुढच्या खिशात घेतला तरी फरक पडू शकतो. घरातले वायफायही याच पट्ट्यात असेल, तर ते ५ गिगाहर्ट्झवर न्यावे. गाणी स्वच्छ, पण कॉलवर आवाज डब्यातून आल्यासारखा, ही तक्रार बिघाडाची नव्हे: कॉलच्या वेळी माइकही चालू होतो आणि आवाज कमी दर्जाच्या वेगळ्या पद्धतीने पाठवला जातो.

जोडणीच होत नसेल, तर बड्स घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनला आपोआप जोडले गेलेले नाहीत ना, याची खात्री करावी. त्या फोनचे ब्लूटूथ बंद करून आपल्या फोनमधील जुनी नोंद काढून टाकावी, बड्स माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे रीसेट करावेत आणि मगच नव्याने जोडावेत.